‘सीरियसली’ म्हणजे मनावर घेऊन

आपल्या कॅन्टीनमधले सर्वांत लाडके इंग्रजी क्रियाविशेषण कोणते? माझ्या मते ‘सीरियसली’. कोणी म्हणाले, “उद्या तास नाही,” की लगेच उत्तर येते, “सीरियसली?” येथे त्याचा अर्थ ‘खरंच का?’ एवढाच.

या शब्दाचे कुळ मात्र भारदस्त आहे. लॅटिन ‘सेरिउस’ म्हणजे वजनदार, थट्टेवारी न नेण्याजोगे. त्यातून निघालेला ‘सीरियस’ फ्रेंचमार्गे 15व्या शतकात इंग्रजीत आला. शेवटच्या ‘ली’चे मूळ जुन्या इंग्रजीतल्या ‘लिक’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ देह. म्हणजे या शब्दाला वजन आहे आणि देहही! आपला ‘गंभीर’ हा शब्द मुळात ‘खोल’ या अर्थाचा, गोदावरीच्या डोहासारखा.

आमच्या खेड्यात ‘सीरियस’चा एकच अर्थ आहे. “म्हातारा सीरियस आहे, नांदेडला हलवा,” असे कानी पडताच बायामाणसे चूल तशीच टाकून उठतात. तेथे हा शब्द उगाच कोणी उच्चारीत नाही.

बारावीनंतर माझ्या काही मैत्रिणी लातूरला गेल्या. बारावीच्या गुणवत्ता यादीमुळे ‘लातूर पॅटर्न’चे नाव महाराष्ट्रभर झाले, आणि आज तेथे वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करणारा तोच सीरियस विद्यार्थी ठरतो. (‘नीट’ हे आपलेच जुने क्रियाविशेषण, हा योगायोग!) आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. पाहुणे विचारतात, “बी.ए. करून काय होणार? सीरियसली काहीतरी कर की!”

हे मला मान्य नाही. गांभीर्य शाखेत नसते, शिकणाऱ्यात असते. पण खेदाची गोष्ट अशी की, “आर्ट्सच तर आहे, निघून जाईल,” असे म्हणत परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड चाळणारे आपल्यातलेच काहीजण त्या पाहुण्यांचे म्हणणे खरे करून दाखवितात.

माझी माय शाळेत गेली नाही. तिला ‘सीरियसली’ ठाऊक नाही. ती एवढेच म्हणते, “मनावर घे, बाई.” इंग्रजी शब्दाने वजन सांगितले, ते कोठे ठेवायचे, हे मराठीने सांगितले.

शब्द इंग्रजी वापरा की मराठी, माझे भांडण नाही. आपण निवडलेला विषय वर्षभर मनावर घ्या, एवढेच मागणे आहे.