रंग बदलला, पुढे काय?

आमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणजे कडुनिंबाच्या पाल्यापासून चांदीचे नॅनोकण. पाला उकळा, गाळा, त्यात सिल्व्हर नायट्रेट घाला. द्रावण तपकिरी झालं की प्रोजेक्ट झाला! पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या मुरली शास्त्रींच्या गटाने २००४ मध्येच हे कडुनिंबावर प्रसिद्ध केलं होतं. आम्ही मात्र सिनॉप्सिसच्या शेवटी ठोकून दिलं, 'सेप्सिसवर उपयुक्त.'

त्याच पावसाळ्यात माझा प्रोजेक्ट पार्टनर, म्हणजे रूममेटच, पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात फुटबॉल खेळला. दहाएक दिवसांनी ताप आला. दोन दिवस आम्ही त्याला तापाच्या गोळ्या देत रूमवरच ठेवला. तिसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ बंद! डॉक्टर म्हणाले, लेप्टो, त्यातून सेप्सिस, किडन्या बसल्यात. अँटिबायोटिक, सलाइन आणि डायलिसिस यांवर तो वाचला. आयसीयूतून बाहेर आल्यावर म्हणतो कसा, "काय रे, आपला काढा नाही दिलास?" सगळे हसले. मला मात्र लागलं.

सेप्सिसमध्ये जंतू मेले की काम संपलं असं नसतं. शरीराचा प्रतिकारच बेताल होतो आणि आपल्याच अवयवांवर उलटतो. २०१७ मध्ये जगात याने अंदाजे १ कोटी १० लाख माणसं गेली. तेव्हा नवं औषध हवंच. आल्यातून वेगळ्या केलेल्या नॅनोकणांनी उंदरांच्या आतड्यांचा दाह कमी झालेला दिसलाय, हेही खरं. पण उंदीर म्हणजे पेशंट नव्हे. झायग्रिस हे औषध तर माणसांवरच्या चाचणीत पास होऊन २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झालं होतं. पुढच्या मोठ्या चाचणीत फायदा दिसेना, म्हणून २०११ मध्ये ते बाजारातून काढून घेतलं!

आणि 'झाडपाल्याचं आहे, अपाय नाही' हे तर विसराच. पाला कडुनिंबाचा असला तरी कण चांदीचेच. ते यकृतात, प्लीहेत साठू शकतात. शिवाय झाड बदललं, ऋतू बदलला की पाल्यातले घटक बदलतात.

ज्युनिअर मित्रांनो, प्रोजेक्ट जरूर करा. पण कणांचा आकार मोजा, रक्तपेशी फुटतात का ते तपासा आणि जेवढं दिसलं तेवढंच लिहा. आम्ही ती शेवटची ओळ खोडली. मार्क कमी पडले तर पडले.

आणि हो, शेजारच्या कॉटवरचा तापाने फणफणला असेल, लघवी कमी झाली असेल, तर सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजता का होईना, रेक्टर सरांचं दार वाजवा. ते रागावतील, पण गाडी काढतील.