भिजल्या रबरातलं तेल उपसता येत नाही

गाड्यांवर गेली कित्येक वर्षं लिहिणाऱ्या एका गृहस्थांनी नुकताच एक सल्ला छापला आहे. ब्रेकच्या डबीत चुकून पॉवर स्टीअरिंगचं किंवा इंजिनचं तेल पडलं, तर ते सिरिंजने उपसा, नवं ब्रेक ऑइल भरा, चारही चाकांची एअर काढा आणि गाडी चालू करा. होज आणि किट बदलायला सांगणारा मेकॅनिक तुम्हाला लुटतो आहे, आजचं रबर काहीही सोसतं, आणि पूर्वी तर ब्रेकमध्ये एरंडेल चालायचं, अशी पुरवणीही त्यांनी जोडली आहे. वाचून संताप आला. हे ऐकून एखादा माणूस बायकामुलांसह घाट उतरायला निघेल.

आत गेलेलं तेल वाहून बाहेर येतं, या समजुतीवर त्यांची सगळी भिस्त आहे. लोखंडी पाइपापुरतं ते खरंही आहे. पण दाब धरतं ते रबर. मास्टर सिलिंडरमधले वॉशर, कॅलिपरचं सील, व्हील सिलिंडरचे कप, चाकाजवळचे होज, हे सगळं बहुतेक गाड्यांत ईपीडीएम जातीचं रबर असतं. डॉट 3 आणि डॉट 4 हे ब्रेकचे द्रव ग्लायकॉल ईथरपासून बनतात. त्यांत हे रबर वर्षानुवर्षं टिकतं. खनिज तेलात मात्र ते फुगतं. तेल वरवर माखत नाही, आत मुरतं. पोहे भिजल्यावर भांड्यातलं पाणी ओतून दिलंत, म्हणून पोहे कोरडे होतात का?

माझ्या मावसभावाच्या गाडीत हेच झालं. कुणीतरी घाईत पॉवर स्टीअरिंगचं तेल ओतलं, चूक कळताच उपसलं, नवं भरलं, आणि तीन आठवडे गाडी व्यवस्थित चालली. मग पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना ती जड झाली. जळका वास आला म्हणून थांबलो, तर पावसाचे थेंब पुढच्या रिमवर चुर्रर करून उडत होते. पाय पेडलवर नव्हता, तरी ब्रेक लागलेला होता. एअर काढायचं निपल जरा सैल केल्यावर तेलाची पिचकारी उडाली आणि चाक मोकळं फिरलं. पुढे गॅरेजात डबीच्या झाकणाखालची रबरी चकती मी नव्या चकतीवर ठेवून पाहिली. ती चहूबाजूंनी बाहेर आली होती, कडेला झालरीसारख्या लाटा पडल्या होत्या, आणि दाबली की बोट तेलकट होत होतं.

असं का होतं, तेही सांगतो. मास्टर सिलिंडरमध्ये डबीकडे जाणारं एक बारीकसं छिद्र असतं. पाय उचलला की वॉशर मागे सरकतो, छिद्र उघडतं, आणि तापून प्रसरण पावलेलं तेल डबीत परत जातं. फुगलेल्या वॉशरची कड त्या छिद्रावरच बसून राहते. मग दाब सुटत नाही, पॅड घासत राहतात, तेल आणखी तापतं, दाब आणखी वाढतो. शेवटी तेल उकळलं की त्याची वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल थेट तळाला जातं. तीन आठवडे गाडी ठीक चालणं हा या गृहस्थांना पुरावा वाटेल. ते तीन आठवडे रबर फुगत असतं.

एरंडेलाचं म्हणाल, तर ते वनस्पती तेल, अल्कोहोलमध्ये मिसळून वापरत, आणि तेव्हाच्या नैसर्गिक रबराला ते चालत असे. आजचं रबर वाटेल ते सोसत नाही. खनिज तेल सोसणारं नायट्राइल रबर वेगळं आणि ब्रेकमधलं वेगळं.

मूळ दोष ‘ब्रेक ऑइल’ या शब्दाचाच आहे. तेल म्हटलं की माणूस हाताशी असलेलं तेल ओततो.

मग करायचं काय? डबीतला थेंब पाण्याच्या पेल्यात टाका. ब्रेकचा द्रव विरघळतो, खनिज तेल तरंगतं. तेल नुकतंच पडलं असेल आणि पेडल एकदाही दाबलं नसेल, तर डबी उतरवून धुवा, तिची रबरं बदला; इतक्यावर निभावू शकतं. पेडल दाबलं असेल, तर मास्टर सिलिंडर, होज, कॅलिपर आणि व्हील सिलिंडरची किट, सगळं नवं. लोखंडी पाइप ब्रेक क्लीनरने धुऊन घ्यायचे. क्लच त्याच डबीवर असेल तर त्याचीही रबरं बदला. एबीएसचं युनिट महाग पडतं, पण त्यातही रबरच आहे. आणि थेंब तरंगलेला दिसला, की गॅरेजपर्यंतसुद्धा गाडी चालवत नेऊ नका, टोचन करून न्या.