कुत्र्यांसह कुटुंबाचे छायाचित्र : एक आक्षेप

गेल्या काही वर्षांत शहरी मराठी घरांच्या भिंतींवर, आणि त्याहून अधिक फोनच्या पडद्यांवर, एका नव्या प्रकारचे कौटुंबिक छायाचित्र दिसू लागले आहे. आईवडील, एखादे अपत्य, क्वचित आजी. आणि त्यांच्यामध्ये, मांडीवर, पायाशी तीनचार गावठी कुत्री. कुत्र्यांच्या गळ्यात रंगीत रुमाल, दिवाळी असेल तर जरीकाठाचे अंगरखे. सगळ्यांची तोंडे कॅमेऱ्याकडे. खाली मजकूर असा की ही सगळी 'रेस्क्यू' आहेत. शेजारी बहुधा आणखी एक चित्र जोडलेले असते : खरजेने केस गेलेले, बरगड्या मोजता येतील असे तेच पिल्लू. आधीचे आणि नंतरचे.

या चित्रांवर आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. 'किती गोड' ही पहिली. 'पैसेवाल्यांची थेरं' ही दुसरी. दुसरीत फारसे तथ्य नाही. रस्त्यावरची जखमी कुत्री घरी आणून सांभाळणाऱ्यांपैकी जे माझ्या पाहण्यात आहेत, ते निवृत्त कारकून, नर्स, शिक्षिका असे लोक आहेत. त्यांच्या महिन्याच्या खर्चात तांदूळ, कोंबडीचे पाय आणि पशुवैद्याचे बिल यांना पहिली जागा असते. त्यांच्या हेतूंविषयी मला शंका नाही. माझा आक्षेप त्यांच्या छायाचित्रावर आहे. या चित्रात कुत्र्याला जो प्रवेश मिळतो, तो त्याने आपले कुत्रेपण आणि आपला भूतकाळ दोन्ही दाराबाहेर ठेवावे या अटीवर मिळतो, आणि ही अट घालताना आपण काही अट घालत आहोत याचे भानही कोणाला नसते.

अटी या प्रकाराला नव्या नाहीत. जुन्या स्टुडिओतले कौटुंबिक छायाचित्र आठवून पाहावे. मागे रंगवलेला पडदा, मध्ये खुर्चीवर आजोबा, बाजूला सून उभी, पुढे सतरंजीवर मांडी घातलेली मुले. कोणी बसायचे, कोणी उभे राहायचे, कोणाचा हात खुर्चीच्या पाठीवर टेकायचा, हे कोणी न सांगता ठरलेले असे. त्याच घरात राबणारी केशवपन केलेली आत्या अशा चित्रांत सहसा नसे. म्हणजे घरात असणे आणि घरच्या चित्रात असणे या दोन गोष्टी आपल्याकडे पूर्वीपासून वेगळ्या आहेत. कुत्री आता चित्रात आली, याचा आनंद मानायला हरकत नाही. पण ती कशी आली आणि तिथे कोण नाही, हेही पाहायला हवे.

खरे तर अनेक कुत्र्यांसह काढलेले एक चित्र मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या टांगलेले आहे : दत्ताची तसबीर. मागे गाय, पायाशी चार कुत्री. राजा रविवर्म्याच्या छापखान्यापासून ते किराणा दुकानाच्या दिनदर्शिकेपर्यंत या कुत्र्यांना कोणी वगळले नाही. पण लहानपणी 'ही कुत्री कोणाची' असे विचारले की उत्तर ठरलेले असे : ते चार वेद आहेत. म्हणजे ज्या एका पवित्र चित्रात कुत्री नुसती कुत्री म्हणून बसू शकली असती, तिथेही आपण त्यांना प्रतीकाची नोकरी लावली. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारा नामदेव याला अपवाद म्हणता येईल. पण कीर्तनकार तिथेही कुत्र्यात दडलेल्या पांडुरंगापाशी इतक्या घाईने पोचतात की कोरडी पोळी घेऊन पळणारे ते भुकेले जनावर मागेच राहते. आजच्या चित्रातले रुमालवाले कुत्रे वेदांचे प्रतीक नाही, एवढाच फरक. ते आता घरच्यांच्या दयेचे प्रमाणपत्र आहे.

हे प्रमाणपत्र मिळवताना प्रत्यक्ष काय घडते ते छायाचित्रणाच्या अंगाने पाहू. कुत्र्यांच्या व्यवहारात टक लावून पाहणे ही धमकी असते. कॅमेऱ्याचे भिंग म्हणजे न लवणारा एक मोठा डोळा. तो रोखून समोरचा माणूस वाकतो, गुडघ्यावर येतो, पुढे सरकतो. रस्त्यावर जगलेल्या कुत्र्याला हा सगळा क्रम चांगला ओळखीचा असतो. मग ते कान मागे पाडते, ओठ चाटते, झोप आलेली नसताना जांभई देते, मान वळवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवते. जबडा उघडून धापते तेव्हा आपण म्हणतो, 'बघा, हसतोय'. हे हसू बरेचदा उकाड्याचे किंवा भीतीचे असते. फ्लॅश वापरला तर कुत्र्याच्या डोळ्यांतला प्रकाश परतवणारा थर चकाकतो आणि मायाळू सखू चित्रात हिरव्या डोळ्यांची हडळ होऊन बसते. काळ्या कुत्र्याची आणखी एक अडचण असते. प्रकाशमापक सगळ्या जगाला मध्यम करड्या छटेत बसवू पाहतो. छायाचित्रकार माणसांच्या चेहऱ्यांसाठी प्रकाश ठरवतो आणि काळे कुत्रे म्हणजे सतरंजीवरचा एक डाग उरतो. त्याच्यासाठी प्रकाश वाढवला तर मालकिणीची साडी पांढरीफटक होते. अशा वेळी कोणाच्या बाजूने निर्णय होतो हे सांगायला नको.

ज्यांनी कुत्र्यांची चित्रे गंभीरपणे काढली, त्यांनी यावर आपापले मार्ग शोधले. अमेरिकेतला विल्यम वेगमन आपल्या वायमरानर कुत्र्यांना माणसांचे कपडे चढवतो, पण तिथे नाटक आहे हे उघड असते आणि कुत्र्याचा दगडी गांभीर्याचा चेहरा त्या कपड्यांचीच टर उडवतो. 2023 मध्ये निवर्तलेल्या एलियट अर्विटने 1974 साली न्यूयॉर्कमध्ये काढलेल्या प्रसिद्ध चित्रात कॅमेरा जमिनीलगत आहे : विणलेली टोपी घातलेले एक चिमुकले कुत्रे, शेजारी बुटातले दोन पाय आणि आणखी एका उंच कुत्र्याचे पुढचे पाय. माणसाचे तोंड चौकटीत येतच नाही. आपल्याकडच्या कौटुंबिक चित्रात असे धाडस कोणी करावे अशी अपेक्षा नाही; आजींचे तोंड कापले गेले तर पैसे कोण देईल? पण कॅमेरा दीड हात खाली आणायला कोणाची हरकत असावी?

माझ्या एका सहकारी प्राध्यापिकेच्या घरी चार कुत्री आहेत. सासूबाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त छायाचित्र काढायचे ठरले तेव्हा मी तिथे होतो. छायाचित्रकार मुलगा चांगला होता, कुत्र्यांना घाबरणारा नव्हता. त्याने तिपाईची पिशवी उघडली, मिटलेली तिपाई बाहेर काढली आणि ती उभी करण्यासाठी उचलली. त्याबरोबर बंड्या नावाचा तांबूस कुत्रा दिवाणाखाली गेला. हा बंड्या एका इमारतीच्या वाहनतळात काठीने मार खाऊन अर्धमेला पडलेला सापडला होता. मिटलेली तिपाई आणि काठी यांत त्याने फरक का करावा? पाऊण तास मनधरणी झाली. शेवटी छायाचित्रकार म्हणाला, "मॅडम, त्याला राहू द्या. त्याचा एक फोटो मोबाइलमधून द्या, मी नंतर बसवून देतो." उरलेल्या तिघांचे लक्ष समोर राहावे म्हणून त्याने घरकामाच्या मावशींना बोलावले. "मावशी, तुम्ही माझ्या मागे उभ्या राहा, आणि बिस्किटांचा डबा वाजवा." मावशींनी डबा वाजवला. तिन्ही कुत्री टवकारून, अत्यंत प्रेमाने चौकटीबाहेर पाहू लागली.

ते छायाचित्र आज त्या घरी लावलेले आहे. दिवाणाखालचा बंड्या त्यात सासूबाईंच्या उजव्या हाताला ऐटीत बसलेला आहे. कुत्र्यांना दोन वेळा खाऊ घालणाऱ्या, पहाटे फिरायला नेणाऱ्या, काळ्याच्या कापलेल्या पायाची जखम तीन महिने धुणाऱ्या मावशी त्यात कुठेही नाहीत. त्यांच्या दिशेने लागलेल्या तीन नजरा मात्र आहेत. पाहुणे म्हणतात, 'काय छान बघतायत कॅमेऱ्याकडे!' मी त्या दिवशीच म्हणालो होतो की मावशींना आत घ्या, कुत्री आपोआप आत बघतील. सासूबाईंना ते पटले होते. पण 'फॅमिली फोटो आहे ना' असे कोणीतरी म्हणाले आणि विषय संपला. जिथे काठीच्या धाकाने पळालेला कुत्रा संगणकावर चिकटवून कुटुंबात बसवता येतो, तिथे दाराशी उभ्या असलेल्या बाईला दोन पावले पुढे बोलावता येत नाही! याला मी छायाचित्रणाची अडचण मानायला तयार नाही.

मराठीच्या अध्यापकाला भाषेकडे वळल्याशिवाय राहवत नाही, म्हणून 'रेस्क्यू' या शब्दाविषयी थोडे. आपल्याकडे कुत्रे 'पाळतात' किंवा 'सांभाळतात'. 'सांभाळणे' हे क्रियापद म्हातारी माणसे, लहान मुले आणि जनावरे यांना सारखेच लागते, आणि ते रोजचे असते : रोजची लघवी पुसणे, रोजची गोळी पोळीत दडवणे, फटाक्यांच्या रात्री न्हाणीघराचे दार लावून कुत्र्यापाशी बसणे. 'रेस्क्यू' हे एकदाच घडते, आणि त्यात कर्ता नेहमी माणूस असतो. त्याहून वाईट म्हणजे हा शब्द आता कुत्र्याचे नामच झाला आहे. सात वर्षे घरात राहूनही ते 'आमचे रेस्क्यू' असते. आधी-नंतरच्या जोडचित्राला हेच व्याकरण मानवते. त्याला मधली सात वर्षे नको असतात, आणि मधली सात वर्षे ज्यांच्या हातून गेली ते हातही नको असतात.

कुणी म्हणेल, एका घरच्या हौसेच्या चित्रावर एवढा शब्दांचा मारा कशासाठी. कारण ही चित्रे आता घरापुरती राहिलेली नाहीत. 11 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि लगतच्या शहरांतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. 22 ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची नसबंदी आणि लसीकरणानंतर मूळ जागी सोडावीत असे सांगितले. 7 नोव्हेंबरला शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, स्थानके यांच्या आवारांतून कुत्री हलवण्याचा आदेश आला. आमच्या महाविद्यालयांच्या आवारांचाही त्यात समावेश होता. या काळात जो वाद झाला, त्यात दोन्ही बाजूंच्या हाती छायाचित्रेच होती. एकीकडे विचकलेले दात आणि चावा घेतलेली मुले, दुसरीकडे रुमाल बांधलेली देवदूतासारखी तोंडे. चावे खरे आहेत, रेबीजने माणसे मरतात हेही खरे आहे, आणि ज्याचे मूल चावले गेले त्याच्यासमोर अंगरखा घातलेल्या कुत्र्याचे चित्र धरणे हा निव्वळ उद्दामपणा आहे. भित्रे, हट्टी, अनोळखी माणसावर गुरगुरणारे आणि ओळखीच्या हातातून शांतपणे खाणारे, कानाला नसबंदीची खाच असलेले जे खरे कुत्रे, ते या दोन्ही गठ्ठ्यांत सापडत नाही. दात दाखवणाऱ्यांना ते नकोच होते. पण ज्यांच्या घरात ते रोज वावरते त्यांनीही त्याचे चित्र काढले नाही, उलट खाच दिसू नये म्हणून रुमाल कानावर ओढला, याला काय म्हणावे?

चित्र काढूच नये असे माझे म्हणणे नाही. काढावे. संध्याकाळच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, तिपाई आदल्या दिवसापासून खोलीत नुसती पडू देऊन काढावे. सर्वांनी जमिनीवर बसावे. आजींना गुडघ्यांमुळे जमत नसेल तर त्यांनी खुर्चीवर. कुत्र्यांना हवे तिकडे पाहू द्यावे, एखादे पाठ करून बसले तर बसू द्यावे. डबा वाजवणारी बाई मध्ये असावी. दिवाणाखाली गेलेल्याला ओढून काढू नये. दिवाण चौकटीत घ्यावा, आणि पूर्वी छायाचित्रांच्या मागे डावीकडून उजवीकडे नावे लिहीत तशी नावे लिहिताना शेवटी लिहावे : दिवाणाखाली, बंड्या.