हरित सेना आणि मोहाखालचा जाळ

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २००१-०२ मध्ये सुरू केलेली राष्ट्रीय हरित सेना, म्हणजे शाळाशाळांतून विद्यार्थ्यांची पर्यावरण मंडळे उभारण्याची योजना, महाराष्ट्रात सामाजिक वनीकरण विभागामार्फत राबवली गेली. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या वनव्याप्त जिल्ह्यांत वृक्षदिंडी आणि घोषवाक्ये यांवरच तिची बोळवण होणे हा मुलांच्या जाणतेपणावर अन्याय आहे. ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी येथील मुले भल्या पहाटे घरच्यांबरोबर मोहफुले वेचायला जातात, आणि पडलेली फुले नजरेस यावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला की तोच जाळ वाऱ्यासरशी पसरून वणवा होतो व कोवळी रोपे होरपळतात, हे त्यांनी स्वतः पाहिलेले असते. पाला झाडून बाजूला सारणे किंवा झाडाखाली जाळी बांधणे हे पर्याय घरोघरी पटवून देण्यास त्यांच्याइतके योग्य दुसरे कोण असणार? धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे आपल्या जंगलाच्या रक्षणाचा व व्यवस्थापनाचा अधिकार, मिळाला. त्याच्या कितीतरी आधीपासून तेथे अभ्यासगटात विषयाचा काथ्याकूट करून ग्रामसभेत सर्वसहमतीने, म्हणजे एकाचाही विरोध उरणार नाही अशा रीतीने, निर्णय घेण्याची पद्धत रुजली होती. शालेय मंडळांनी हीच पद्धत स्वीकारावी, विषय शिक्षकांऐवजी मुलांनी निवडावेत, आणि कोणत्या मोहाखाली यंदा आग लावली गेली याची त्यांनी ठेवलेली नोंदवही, मतदानाचे वय नसले तरी, त्यांनाच ग्रामसभेत वाचू द्यावी.