पाहुण्यांसाठी अवघड जागा

मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापानावर 'यजमान' आणि 'पाहुणे' हे दोन शब्द इतके रुळले आहेत की ते वाचताना आपल्याला काहीच खटकत नाही. यजमानांनी पाहुण्यांचा धुव्वा उडवला, पाहुण्यांचे पानिपत झाले, असे मथळे आपण चहाबरोबर वाचतो आणि पान उलटतो. ज्या समाजात दारी आलेल्याच्या हाती आधी गूळपाणी ठेवायचे, त्याच समाजाच्या भाषेत हा धुव्वा सुखाने नांदतो. अर्थात हा दोष एकट्या मराठीचा नव्हे. पाहुणचार करणाऱ्यासाठी लॅटिनमध्ये असलेला शब्द आणि शत्रूसाठी असलेला शब्द हे एकाच कुळातले आहेत, आणि इंग्रजीतले 'होस्ट' व 'हॉस्टाइल' हे त्यांचेच वंशज. दारात उभा असलेला अनोळखी माणूस पाहुणा की वैरी, हा प्रश्न भाषेपुढे फार जुना आहे.

हा प्रश्न दर हेमंतात नव्याने आणि सर्वांत मोठ्या आवाजात विचारला जातो तो अमेरिकेच्या विद्यापीठांत. तेथील महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो, आणि त्याबरोबर एक वादही सुरू होतो: बाहेरून येणाऱ्या संघासाठी सर्वांत अवघड मैदान कोणते? बॅटन रूजचे टायगर स्टेडियम, पेन्सिल्व्हेनियाचे बीव्हर स्टेडियम, टेक्सासचे काइल फील्ड, फ्लॉरिडातील 'दलदल' या नावाने ओळखले जाणारे मैदान, की ऑरेगनचे ऑट्झन? याद्या होतात, त्या खोडल्या जातात, पुन्हा होतात. साहित्य शिकवणाऱ्यांनी या वादात का पडावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की 'अवघड' या विशेषणाचा अर्थ न ठरवता घातलेला वाद हा आपल्या परिचयाचाच प्रकार आहे. 'श्रेष्ठ कादंबऱ्यां'च्या याद्या आपण याहून वेगळ्या रीतीने करीत नाही.

प्रथम खेळाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. येथे आक्रमण करणारा संघ ओळ धरून निश्चल उभा राहतो आणि क्वार्टरबॅकने उच्चारलेल्या संकेतावर सगळे एकाच क्षणी सुटतात. संकेत ऐकू आला नाही आणि एखादा खेळाडू क्षणभर आधी हलला, की पाच यार्डांचा दंड. म्हणून यजमानांचे प्रेक्षक स्वतःच्या संघाकडे चेंडू असताना शांत बसतात आणि पाहुण्यांकडे चेंडू गेला की ओरडू लागतात. या आवाजाला काम असते. २०२४पासून प्रशिक्षकाला एका खेळाडूच्या शिरस्त्राणात रेडिओवरून बोलता येते. पण डाव सुरू करण्याच्या मुदतीतले शेवटचे पंधरा सेकंद उरले की तो रेडिओ बंद होतो. म्हणजे नेमक्या ज्या क्षणी संकेत ऐकू यायला हवा, त्या क्षणी पाहुणा एकटाच असतो.

पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात बसलेल्यांना महाविद्यालयीन आवाज काय असतो हे सांगायला नको. 'आव्वाज कुणाचा' या आरोळीने तेथे छप्पर हादरते. पण पडदा उघडला की तो आवाज थांबतो, निदान थांबावा अशी अपेक्षा असते. अमेरिकेत याच्या नेमके उलट आहे: पाहुण्याचा प्रयोग सुरू झाला की आवाज सुरू होतो.

अवघडपणा आवाजाने मोजायचा ठरवला तर पुरावे पुष्कळ आहेत. सिॲटलच्या हस्की स्टेडियममध्ये १९९२ साली नेब्रास्काविरुद्धच्या सामन्यात १३३.६ डेसिबल नोंदले गेले. दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांवर असलेली छपरे आवाज खाली मैदानावर परतवतात. बॅटन रूज येथे ८ ऑक्टोबर १९८८च्या रात्री लुइझियाना स्टेट विद्यापीठाने ऑबर्नला शेवटच्या दोन मिनिटांत एका झेलावर ७-६ असे हरवले, तेव्हा उठलेला गदारोळ विद्यापीठाच्याच भूकंपमापकावर उमटला. डेसिबल आणि भूकंपमापक यांच्यापुढे युक्तिवाद करणे कठीण आहे खरे. पण त्यांनी आवाज मोजला, अवघडपणा मोजला नाही.

आकाराचेही तसेच. मिशिगनचे मैदान एक लाख सात हजारांहून अधिक प्रेक्षकांचे, देशातील सर्वांत मोठे. १ सप्टेंबर २००७ रोजी तेथे ॲपलाचियन स्टेट हा खालच्या विभागातला संघ आला. अशा संघांना मोठी विद्यापीठे पैसे देऊन बोलावतात; या पाहुण्यांना चार लाख डॉलर मिळाले होते. स्पष्ट शब्दांत सांगायचे तर हे हरण्याचे मानधन असते. पाहुणे ३४-३२ असे जिंकले आणि मानधनही घेऊन गेले.

उरले विजयांचे आकडे. मायामीच्या संघाने ऑरेंज बोल मैदानावर १९८५ ते १९९४ या काळात सलग ५८ सामने जिंकले, आणि टस्कालूसा येथे अलाबामाने १९६३ ते १९८२ या काळात सलग ५७. यावरून ही मैदाने अवघड होती असे म्हणता येईल का? आम्हाला वाटते, येथे कार्य आणि कारण यांची अदलाबदल होते. मायामीचा तो संघ कोठेही खेळला असता तरी बहुधा जिंकलाच असता. त्यातून घरच्या सामन्यांत असे मानधनावर बोलावलेले दुबळे पाहुणे मिसळले, की मैदानाची कीर्ती फुकटात वाढते. जे सामर्थ्य संघाचे, ते आपण विटांना आणि गवताला बहाल करतो. लेखकाच्या गावाने लेखक घडवला असे म्हणण्याची आपली सवय येथे आठवावी.

म्हणून आमची कसोटी अशी: ज्या मैदानावर यजमान संघ स्वतः असामान्य नसतानाही असामान्य पाहुणे हरतात, ते मैदान अवघड. असा सामना पाहिला की संघाचे बळ वजा करता येते, आणि जे उरते ते बऱ्याच अंशी मैदानाचे असते.

या कसोटीवर आमचे मत आयोवा सिटीच्या किनिक स्टेडियमला. क्षमता सुमारे सत्तर हजार, म्हणजे लाखांच्या पंगतीत मधल्या फळीचे. पण २००८ साली तोवर अपराजित असलेला पेन स्टेट येथे २४-२३ असा हरला. २०१६ साली तोवर अपराजित असलेला मिशिगन १४-१३ असा हरला. २०१७ साली विजेतेपदाच्या शर्यतीत असलेला ओहायो स्टेट ५५-२४ असा हरला. या तीन हंगामांत आयोवाने अनुक्रमे चार, पाच आणि पाच सामने गमावले होते. म्हणजे यजमान काही अजिंक्य नव्हते. तीन सामन्यांवरून नियम सिद्ध होत नाही हे आम्हाला मान्य आहे. तरीही डेसिबलपेक्षा हा पुरावा आम्हाला अधिक बोलका वाटतो.

आमच्यातील काहींचे मत अजून बॅटन रूजला आहे, आणि त्यामागे वाङ्मयीन पक्षपात आहे हे ते नाकारत नाहीत. नवसमीक्षा शिकवणाऱ्याला हे गाव शनिवारच्या रात्रींमुळे नव्हे, तर क्लिअंथ ब्रुक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन यांच्यामुळे माहीत असते. १९३५ साली 'सदर्न रिव्ह्यू' निघाले ते याच विद्यापीठातून, आणि १९४२ साली ते बंद पडले तेही येथेच. पुढे १९६५ साली ते पुन्हा सुरू झाले. १९३६ साली विद्यापीठाने एक जिवंत वाघ पाळला, त्या वाघाची परंपरा मात्र कधी तुटली नाही. त्याचा पिंजरा पाहुण्या संघाच्या वाटेवर ठेवण्याची रीत अनेक वर्षे चालली. वॉरन यांच्या 'ऑल द किंग्ज मेन' (१९४६) या कादंबरीत गव्हर्नरचा मुलगा टॉम स्टार्क हा फुटबॉलपटू आहे. सामन्यातल्या दुखापतीने तो लुळा पडतो आणि पुढे मरतो. ज्या विद्यापीठात आपण शिकवले, तेथल्या गर्जनेखाली एक पोरगा असतो, हे वॉरन विसरले नव्हते.

विद्यापीठाने वाघाला मैदानात आणणे अलीकडे थांबवले होते. तरी नोव्हेंबर २०२४मध्ये अलाबामाविरुद्धच्या सामन्याला राज्याच्या गव्हर्नरांच्या आग्रहाखातर बाहेरून एक वाघ आणला गेला. पाहुणे ४२-१३ असे जिंकले. वाघाची भीती पाहुण्यांनी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.

परंतु आम्ही ज्या किनिकच्या बाजूने उभे राहिलो, तेथेच आमची खरी अडचण आहे. आयोवाचे ख्यातनाम प्रशिक्षक हेडन फ्राय १९७९ साली तेथे आले आणि त्यांनी पाहुण्या संघाची कपडे बदलण्याची खोली गुलाबी रंगवून घेतली. हा रंग मन शांत करतो, असे मानसशास्त्र शिकलेल्या फ्राय यांचे म्हणणे होते. २००५च्या नूतनीकरणात तर तेथले कप्पे आणि मुताऱ्याही गुलाबी झाल्या. तेव्हा विद्यापीठातल्याच काही अध्यापकांनी विचारले, की या विनोदाचा खरा अर्थ काय? गुलाबी म्हणजे बायकी आणि बायकी म्हणजे दुबळा, असेच ना? त्यांच्यावर टीकेची झोड उठली आणि खोली गुलाबीच राहिली. आमच्या मते अध्यापकांचा प्रश्न योग्य होता. शांत करणाऱ्या रंगाची इतकी महती असेल, तर यजमानांनी तो स्वतःच्या परीक्षागृहांना का दिला नाही?

याच आयोवा विद्यापीठाचे दुसरे रूप मराठी वाचकाला अधिक जवळचे आहे. १९६७ साली तेथे सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमासाठी जगभरातून लेखक बोलावले जातात. १९७५ साली दिलीप चित्रे तेथे गेले होते. परभाषेतल्या कवीला घर, वेळ आणि श्रोते देणारी संस्था तीच, आणि शेजारच्या राज्यातून आलेल्या वीस वर्षांच्या मुलांची खोली खिजवण्यासाठी रंगवणारी संस्थाही तीच. एकाच गावात 'पाहुणा' या शब्दाचे दोन्ही अर्थ शाबूत आहेत.

येथे आम्हाला एक भेद करावासा वाटतो. आवाज हा खेळाचा भाग आहे. तो उघड असतो, त्याला उत्तर देता येते. पाहुणे खुणांवर खेळायला शिकतात, आवाजाशिवाय सुटण्याचा सराव करतात. गुलाबी खोलीला मात्र उत्तर नाही, कारण ती खेळाडूच्या कौशल्याला आव्हान देत नाही, त्याला फक्त लहान करू पाहते. पाहुण्याला जिंकणे अवघड करावे, ते यजमानाचे कामच आहे. त्याला येणे अवघड करू नये. विद्यापीठ या संस्थेवर तर हे बंधन अधिक आहे, कारण तिच्या दारात येणारा प्रत्येक विद्यार्थी काही वर्षांपुरता पाहुणाच असतो. आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत खेड्यातून आलेल्या संघाच्या उच्चारांवर प्रेक्षागृहात हशा पिकतो, तेव्हा आपण कोणत्या प्रकारचे यजमान असतो, हेही एकदा स्वतःला विचारून पाहावे.

आमचे मत तरीही किनिकलाच, आणि त्याचे शेवटचे कारण आकड्यांत बसत नाही. २०१७ साली त्या मैदानाला लागून मुलांच्या रुग्णालयाची बारा मजली इमारत सुरू झाली. वरच्या मजल्याच्या खिडक्यांतून आजारी मुले सामना पाहतात. त्या हंगामापासून पहिला चतुर्थांश संपला की सारे प्रेक्षक उठतात, खिडक्यांकडे वळतात आणि हात हलवतात. यजमान खेळाडू हलवतात, पंच हलवतात, आणि गुलाबी खोलीतून बाहेर आलेले पाहुणेही हलवतात. त्या मिनिटभरात मैदानावर पाहुणा कोणीच नसतो. मग शिटी वाजते, चेंडू पाहुण्यांच्या हाती येतो, आणि तेच सत्तर हजार लोक पुन्हा ओरडू लागतात.