मुसळं चालू द्या

केजीएफ म्हटलं की आपल्याकडे लोकांना यशची दाढी आठवते. खरी कोलारची खाण कोल्हापूरहून महामार्गाने बंगळूर गाठलं की पुढे शंभरेक किलोमीटरवर. १८८० साली जॉन टेलर कंपनी तिथे उतरली, १९०२ साली शिवनसमुद्रची वीज पोचली, २८ फेब्रुवारी २००१ला खाण बंद झाली. अशा जागांच्या जतनाची आपली कल्पना ठरलेली असते: यंत्र घासा, ऑइलपेंट मारा, चौथऱ्यावर चढवा, भोवती साखळी लावा. हे जतन नव्हे, पेंढा भरणं आहे.

कोलारात दगड कुटत ती स्टॅम्प मिल घ्या. उखळ-मुसळच ते. एका पेटीत पाच मुसळं, प्रत्येक चार-पाचशे किलोचं, मिनिटाला ९०-१०० ठोके. कॅम मुसळाला मधोमध न उचलता कडेला उचलतो, त्यामुळे वर जाता जाता ते जरासं फिरतं आणि तळ सगळीकडून सारखा झिजतो. ठोकेही ओळीने पडत नाहीत. बऱ्याच ठिकाणी क्रम १-४-२-५-३ असे, नाहीतर सगळा दगड पेटीच्या एका टोकाला जमतो. चौथऱ्यावर यातलं काय दिसतं? मी सॉफ्टवेअरवाला. जुना कोड नुसता वाचून कळला असं कोणी म्हणालं, तर मी म्हणतो, चालवून दाखव.

म्हणे, चालवलं तर मूळ भाग झिजतील. अहो, मुसळाचा तळ झिजण्यासाठीच असे. चालू गिरणीतही तो बदलतच. मूळचा कपाटात ठेवा, नवा ओता, त्यावर साल ठोका. शिरोलीत फाउंड्र्या आहेत, उद्यमनगरात ड्रॉइंगशिवाय नुसत्या नमुन्यावरून भाग बनवणारे मिस्त्री आहेत. अजून आहेत. त्यांचीही साठी-सत्तरी उलटत चालली.

पारा मात्र परत आणू नका. पूर्वी पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून गाळ सोडत, सोनं त्याला धरे. त्याऐवजी साधं पाणी पुरे. सोनं जड, तळाला बसतं. सराफ पेठांतली धूळ धुणारे झारेकरी तेच तर करतात.

ब्रिटिश कंपनीचं कौतुक कशाला, असंही विचारतात. कौतुक होतं ते बंद यंत्राचं! साखळीमागचं मुसळ फोटोत देखणं दिसतं. पाच मुसळं एकदम सुरू झाली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. बहुतांश तमिळ-तेलुगू दलित घरांतल्या माणसांनी तिथे जन्म काढले. वर हा आवाज, खाली तीन किलोमीटर खोल उकाडा. फलक वाचून हे पोचत नाही.

ऑस्ट्रेलियात बॅलरॅटला सॉव्हरिन हिलमध्ये जुनी यंत्रं लोकांसमोर चालवतात. आपल्याकडे पैशांची अडचण सांगतात, पण रंग, चौथरा आणि उद्घाटनाचा मांडव यांना ती कधी येत नाही. एक पाच मुसळांची बॅटरी वर्षभर तंत्रनिकेतनातल्या पोरांच्या हाती द्या, शेजारी एक म्हातारा मिस्त्री खुर्ची टाकून बसवा. पहिल्या दिवशी पट्टा निसटेल, तेल गळेल. गर्दीला तेही बघू द्या.