काळ्या गिटारच्या आत काय होतं?

परीक्षा संपली की बेलवलीच्या आमच्या घरातल्या माळ्यावर एक स्वारी ठरलेलीच असते. या वर्षी माझी भाची वर चढली. नुकतीच नववीचा शेवटचा पेपर देऊन मोकळी झालेली. जुनी कंदिलं, फुटकी सुटकेस असं काय काय खाली आलं आणि शेवटी आली एक लांबोडकी, धुळीने भरलेली पिशवी. चेन उघडली तर आत इलेक्ट्रिक गिटार! काळी कुळकुळीत, पण कडेचे टवके उडालेले.

गिटार होती तिच्या आईची, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची. कॉलेजात असताना ती ऑर्केस्ट्रात वाजवायची. पुढे नोकरी, लग्न, रोजची लोकलची गर्दी... गिटार जी माळ्यावर गेली ती गेलीच.

"मामा, हा काळा रंग काढून हिला छान लाकडाचा रंग देऊ या?"

मी म्हटलं, "आधी मालकिणीला विचार."

मालकीणबाई म्हणाल्या, "पुढून काय हवं ते करा. मागच्या बाजूला मात्र हात लावायचा नाही."

आम्ही गिटार उलटी केली. मागे कर्कटकाने वेडंवाकडं कोरलं होतं, 'माझी'.

"आई, हे काय गं?"

"पैशांची अडचण होती तेव्हा आजोबांनी गिटार विकायला काढली होती. ओरखडे काढलेली गिटार कोण घेणार? म्हणून मीच कोरलं!" बहीण हसत म्हणाली. मी तिचा सख्खा मोठा भाऊ, पण मला हे आजवर ठाऊकच नव्हतं.

असो. ठरलं. पुढची बाजू लाकडाची, मागची काळीच.

आता तुम्ही विचाराल, रंग बदलला तर आवाज नाही का बदलणार? सतारीला किंवा साध्या गिटारला हा प्रश्न अगदी रास्त आहे, कारण तिथे लाकडाची पातळ तबली थरथरते आणि आवाज मोठा करते. जाड रंगाने ती थरथर दबते. इलेक्ट्रिक गिटारचं अंग मात्र भरीव असतं. तारांखाली पिकअप असतात, म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. लोखंडी तार चुंबकाजवळ थरथरली की वेढ्यांत वीज निर्माण होते आणि ती अॅम्प्लिफायरकडे जाते. म्हणून नवशिक्याने रंगकामाचा हात बसवायला ही गिटार बरी.

रंग आणि वुड स्टेन यांत फरक काय? रंग लाकडावर बसतो आणि लाकूड झाकून टाकतो. स्टेन लाकडात मुरतो. रेघा, गाठी, सांधे सगळं दिसतं. म्हणजे चुकाही दिसतात, बरं का!

आधी तारा काढल्या. मग मान, प्लेट, पिकअप. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर फोटो, आणि स्क्रू वेगवेगळ्या काडेपेट्यांत, वर नाव लिहून. आतल्या वायरी सुट्या करायचं सोल्डरिंगचं काम मी केलं. मग गच्चीत, नाकातोंडावर मास्क लावून, पॉलिश पेपरने घासाई सुरू. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे ती धूळ पोटात जाऊ द्यायची नाही. ओल्या फडक्याने पुसून टाकायची, हात धुवायचे, आणि घरातल्या लहानग्यांना लांब ठेवायचं. रंग उष्णतेने सोलायच्या फंदात पडू नका, त्याचा धूर घातक असतो.

पेपरवरचा आकडा जितका लहान, तितका तो खरखरीत. सुरुवात ८० नंबरने, मग १२०, १८० आणि शेवटी २४०. पहिल्या दिवशी भाचीचा उत्साह काय विचारता! तिसऱ्या दिवशी तोंड एवढंसं. कारखान्यातला रंग चांगलाच जाड होता. चौथ्या दिवशी लाकूड दिसलं. तीन तुकडे जोडून केलेलं, फिक्कट, साधंच. (तुमच्या गिटारच्या कडेला थरावर थर दिसले तर ते प्लायवुड. त्याचा वरचा पापुद्रा पातळ असतो, जपून घासा.)

"झालं! आता स्टेन!" भाची म्हणाली. मी म्हटलं, "अजून एक दिवस घास." ती म्हणाली, "मामा, हात लावून बघ, किती गुळगुळीत झालंय!" मीही मग गप्प बसलो.

लावला स्टेन. फडक्याने चोळला, पाच मिनिटांनी जास्तीचा पुसला, आणि बघतो तर काय! मधोमध आडवे काळपट ओरखडे आणि एका बाजूला फिक्कट डाग. ओरखडे ८० नंबरच्या पेपरचे. तिने लाकडाच्या रेघांना आडवं घासलं होतं. खोल ओरखड्यात स्टेन जास्त साचतो, म्हणून तो गडद दिसतो. आणि फिक्कट डागाच्या जागी जुन्या रंगाखालचा अस्तराचा थर राहिला होता. तिथे स्टेन मुरलाच नाही.

भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी आईची गिटार बिघडवली."

बिघडली नव्हती. पुन्हा १२० पासून घासायला लागली, एवढंच. पण या वेळी आम्ही तीन गोष्टी पाळल्या. घासायचं ते रेघांच्या दिशेनेच. मग पाण्याचा थेंब टाकून पाहायचा. थेंब मुरला तर लाकूड उघडं, मोत्यासारखा उभा राहिला तर अजून अस्तर आहे. आणि स्टेन आधी प्लेटखाली झाकल्या जाणाऱ्या जागेवर लावून बघायचा. चूक करायला तेवढी जागा गिटारने आपल्यासाठी राखूनच ठेवलेली असते! ओल्या फडक्याने एकदा पुसून वाळवलं की लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात, तेही २४० ने काढले. या वेळी रंग कसा एकसारखा उतरला!

वर चमक हवी, म्हणून लावलं चपडीचं पॉलिश. चपडी म्हणजे लाखेच्या किड्यांपासून मिळणारी लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. आमचा स्टेन पाण्यातला होता, म्हणून चाललं. स्पिरिटमधला असता तर पॉलिशबरोबर पुसला गेला असता. आपल्या मिरजेत दीडशेहून जास्त वर्षं सतारी आणि तंबोरे बनतात. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या कारागिरांच्या हातांनाही लाखेचं पॉलिश ओळखीचं. कापसाचा बोळा फडक्यात गुंडाळायचा आणि पातळ हात देत राहायचं. एक जाड हात देण्यापेक्षा दहा पातळ हात बरे.

हे सगळं पावसाआधी उरका हं! स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार करतं, जसं माठातलं पाणी गार होतं तसंच. हवा दमट असेल तर त्या गार पॉलिशमध्ये बाष्प शिरतं आणि पांढुरकी झाक येते. बदलापूरच्या पावसाळ्यात तर विचारूच नका.

घरी गिटार करणारे आपणच पहिले नाही. इंग्लंडमध्ये ब्रायन मे नावाच्या शाळकरी मुलाने १९६३ साली वडिलांच्या मदतीने इलेक्ट्रिक गिटार बनवायला घेतली. तिची मान एका जुन्या शेकोटीच्या लाकडी चौकटीची. लाकडाला किड्यांनी पाडलेली भोकं त्याने काडेपेटीतल्या काड्यांनी बुजवली! पुढे 'क्वीन' या बँडमध्ये त्याने तीच गिटार वाजवली, आणि त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला.

पॉलिश पूर्ण वाळू दिलं आणि रविवारी तारा चढवल्या. बहीण म्हणाली, "आण इकडे." तिने एक सूर धरला, आणि लगेच हात झटकला. "बोटं मऊ झाली गं माझी!" मग पुन्हा धरला. मायलेकी आता आलटून पालटून सराव करतात. भाचीने मागच्या 'माझी'च्या खाली बोट ठेवून विचारलं, "इथे मी पण लिहू?"

"दहा गाणी नीट वाजव, मग लिही," आई म्हणाली.

पालकांनो, स्पिरिट पेट घेतं. काम मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर आणि तुमच्या देखरेखीखालीच होऊ द्या. जवसाचं तेल वापरलंत, तर तेलकट फडकी चुरगळून टाकू नका. ती आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा.

आणि दोस्तांनो, तुमच्या माळ्यावर काय सापडलं? घासायला घेण्याआधी ते कोणाचं आहे ते विचारा, आणि मला पत्राने जरूर कळवा.

तुमचा,
मामा